तुरटीला वास नसतो

केशकर्तनालयाचा म्हणून जो वास आपण मनात जपून ठेवतो, तो वस्तुतः एक वास नसून कामाच्या क्रमाने येणारी वासांची मालिका असते. आणि ज्याने एकाच दुकानात वर्षानुवर्षे श्मश्रू करविली आहे असा मनुष्य डोळे मिटून बसला, तरी आता कोणता टप्पा चालू आहे हे त्याचे नाक बिनचूक सांगते. साताऱ्याच्या मोती चौकाच्या आसपास दोन खुर्च्यांचे आणि एका लांब बाकाचे असे एक दुकान आहे. रविवारी सकाळी तेथे पाळी येईपर्यंत बाकावर बसावेच लागते, आणि या विषयाच्या निरीक्षणाला त्याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही.

दुकान उघडताच संत सेना महाराजांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लागते, पण तिचा अंमल फार वेळ टिकत नाही. मालक पाण्याच्या मगात डेटॉलचे झाकण रिकामे करतात आणि पिवळसर तपकिरी द्रव पाण्यात पडताक्षणी दुधासारखा पांढरा होतो. बाटलीत पाइन वृक्षाच्या तेलाला मद्यार्क आणि साबण सांभाळून असतात. पाणी वाढले की तो तह मोडतो आणि तेलाचे सूक्ष्म थेंब सुटे होऊन पाणी गढूळ दिसू लागते. कंगवे, कात्र्या, वस्तऱ्याची मूठ अशी सगळी हत्यारे या पाण्यातून निघतात आणि दुकानाला त्या दिवसाचा पहिला खरा वास येतो.

त्यानंतर फेस. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो आणि दोन-तीन मिनिटे कोमट पाणी मिळाले म्हणजे फुगून मऊ पडतो. म्हणून मुरलेला कारागीर ब्रश फिरविण्यात जेवढा वेळ घालवितो तेवढा पाते फिरविण्यात घालवीत नाही. या फेसातून येणाऱ्या वासाला आपण बेधडक पुरुषी म्हणून मोकळे होतो; परंतु त्याची वंशावळ पाहिली तर ती लॅव्हेंडरच्या फुलापाशी आणि कौमरिन नावाच्या द्रव्यापाशी जाऊन पोचते. कापून वाळत टाकलेल्या गवताची आठवण देणारे हे द्रव्य विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1868 साली प्रयोगशाळेत सिद्ध केले. 1882 साली पॅरिसच्या हूबिगाँ या पेढीसाठी पॉल पार्के याने त्यातून ‘फुजेर रॉयाल’ हे अत्तर घडविले, आणि त्याच घराण्याचा गंध पुढे दाढीच्या साबणांतून गावोगावच्या आरशांसमोर येऊन पोचला.

पूर्वी या टप्प्यावर आणखी एक वास मिसळत असे. खुर्चीच्या हाताला अडकविलेल्या चामोट्यावर वस्तरा पालथा-उलथा घासला जाई, तेव्हा तेल प्यालेल्या चामड्याचा जो उग्र दर्प येई, तो आता गेला. एड्सच्या धास्तीनंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते हा शिरस्ता पडला आणि चामोटा बहुतेक ठिकाणी भिंतीवरूनही उतरला. तो गेला हे चांगलेच झाले.

दाढी उरकल्यावर मालक विचारतात, “काय काका, तुरटी की लोशन?”

खुर्चीत बसलेले निवृत्त कारकून उत्तर देतात, “तुरटीच फिरव बाबा. लोशन पोरांना लाव.”

तुरटीचा ओला खडा गालावरून फिरतो, कातडीतील प्रथिने आवळून रक्ताची बारीक तोंडे बंद करतो आणि मागे केवळ चुरचुर ठेवतो. वास म्हणून काही नाही. लोशनचा प्रकार निराळा. त्यातला मद्यार्क उडताना कातडीची उष्णता घेऊन जातो आणि जाता जाता सुगंध दुकानभर पसरतो. 1938 साली अमेरिकेत निघालेल्या ओल्ड स्पाईसच्या, जहाजाचे चित्र मिरविणाऱ्या बाटलीत लवंग-दालचिनीची जी छटा आहे, ती आमच्या माजघराला मुळीच परकी नव्हती. तिच्या शेजारी स्नोची बरणी असे. इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी मुंबईत 1919 साली काढलेला अफगाण स्नो हा या कुळातला अग्रणी; आणि गंमत अशी की जे मेदाम्ल दाढीच्या साबणाला घट्ट फेस देते, त्याच्याच जोरावर स्नोचे ते बर्फासारखे पांढरेपण उभे असते. शेवटी मानेवर पावडरीचा फुलोरा आणि, सवड असेल तर, खोबरेल किंवा माक्याच्या तेलाची मालिश. एवढा सगळा सरंजाम अंगावर घेऊन गिऱ्हाईक घरी जाई, आणि उंबरठ्यावरच “आधी अंघोळ” असा हुकूम सुटून तो न्हाणीच्या मोरीतून वाहून जाई.

हे सारे आपण परंपरेच्या खाती जमा करून टाकतो. तो जमाखर्च मात्र तपासून पाहावा असा आहे. बलुत्याच्या अमदानीत न्हावी धोकटी काखेला मारून दारोदार हिंडे, ओसरीखाली उकिडवा बसून वाटीभर पाण्यावर हजामत करी आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर आपला धान्याचा हक्क मागून घेई. त्या हजामतीत फेस नव्हता, लोशन नव्हते, स्नो तर नव्हताच. सुगंध आला तो शहराबरोबर आणि रोकडीबरोबर: गाळा भाड्याने घेऊन, आरसा टांगून, रोख दाम मागणाऱ्या कारागिराला पाण्याच्या वाटीपेक्षा अधिक काही देणे भाग पडले. दुकानातील सर्वांत जुनी वस्तू तुरटी, आणि नेमका तिलाच वास नाही.

आणि रोकड असली म्हणजे खुर्ची मिळतच असे, असेही नाही. याच साताऱ्यात बालपण काढलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे, की गावात न्हावी होते आणि पैसे देण्याची ऐपतही होती, तरी अस्पृश्याच्या केसांना हात लावण्यास कोणी राजी नव्हता, म्हणून घरातील भावंडांचे केस थोरली बहीणच कापीत असे. ज्या वासाच्या आठवणीने आपण हळवे होतो, त्या वासाच्या आत येण्याची सनद सर्वांना नव्हती.

म्हणून माझ्या लेखी या दुकानाची खरी मिळकत त्याच्या फळीवरील बाटल्यांत नाही. एकेकाळी ज्याला गिऱ्हाइकाच्या ओसरीखाली तिष्ठावे लागे, त्याच्या बाकावर आज गिऱ्हाईक तिष्ठते. दर पाटीवर लिहिलेला, सर्वांना सारखा. आणि पाळी आल्या क्रमाने. लोशनचा वास उद्या बदलेल, नव्या सलूनांतून तो बदललाही आहे, त्याची मला फारशी खंत नाही. बाकावरच्या पाळीचा नियम तेवढा मोडता कामा नये.