शेजारघरची पुस्तकं

बेळगाव-खानापूर भागातल्या वाचनालयात जाऊन ‘भैरप्पांचं काही आहे का?’ असं विचारणारा वाचक हमखास भेटतो. तो भैरप्पांना कन्नड लेखक समजून विचारत नाही. रणजित देसाई, विश्वास पाटील आणि एस. एल. भैरप्पा ही त्याच्या लेखी एकाच कपाटातली नावं असतात. भैरप्पा २०२५ च्या सप्टेंबरात वारले, तेव्हा तर आमच्याकडच्या मराठी घरांतून घरचंच माणूस गेल्यासारखी हळहळ झाली. त्या निमित्ताने मी त्यांची ‘पर्व’ आणि ‘मंद्र’ पुन्हा वाचायला काढली आणि मग गेले काही महिने एकातून दुसरं असं शेजारघरचंच वाचत गेलो. त्यातल्या काहींबद्दल मनात आलं ते इथं मांडतो.

‘पर्व’ कन्नडमध्ये १९७९ साली आली. महाभारतातले सगळे चमत्कार, शाप, वर काढून टाकले तर खाली काय उरतं, हा त्या कादंबरीचा प्रश्न. युद्ध तोंडावर आलेलं आहे. म्हातारे झालेले राजे आणि राण्या आपापलं आयुष्य आठवत बसले आहेत. पहिल्यांदा वाचताना मला कुंती आणि नियोगाचा भाग धक्कादायक वाटला होता. या वेळी लक्षात राहिला तो सगळ्यांचा थकवा. हे लोक दमलेले आहेत, त्यांची गुडघेदुखी, त्यांची झोप न येणं, सगळं आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं आहे. ‘मृत्युंजय’वर वाढलेल्या वाचकाला ‘पर्व’ कोरडी वाटते, हे मी वर्गात अनेकदा पाहिलं आहे. पण चाळिशी ओलांडल्यावर एकदा हातात घ्यावी. पहिली शंभर पानं नेटाने काढावी लागतात, पुढे ती सोडत नाही.

‘मंद्र’ ही त्यामानाने आमच्या भागाची कादंबरी. म्हणजे कथा इथली नव्हे, पण विषय हिंदुस्थानी संगीताचा. ज्या मुलखात कुंदगोळचे सवाई गंधर्व झाले, गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर झाले, आणि बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, तिथल्या वाचकाला तानपुरा कशाला समजावून सांगायला हवा? मोहनलाल हा थोर गवई माणूस म्हणून किती खालच्या पातळीवर उतरू शकतो, हे भैरप्पांनी कसलीही दयामाया न दाखवता लिहिलं आहे. कादंबरी संपल्यावर मी काही दिवस नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना उगीचच त्यांच्या घरच्या बायकांचा विचार करत होतो. रियाजाची वर्णनं मात्र वाजवीपेक्षा लांबली आहेत. राग कसा उलगडतो हे शब्दांत सांगण्याचा मोह लेखकाला आवरलेला नाही.

सगळेच भैरप्पा मला सारखे आवडतात असं नाही. २००७ ची ‘आवरण’ वाचताना पात्रं बोलत नाहीत, लेखक बोलतो, असं सतत वाटत राहतं. तिचे चाहते पुष्कळ आहेत, माझ्या स्टाफरूममध्येच आहेत, आणि त्यांच्याशी माझा वाद चालू आहे. मतं पटण्या-न पटण्याचा हा मुद्दाच नाही. ज्या लेखकाने ‘वंशवृक्ष’मध्ये श्रीनिवास श्रोत्रींसारख्या कर्मठ माणसाला आणि त्यांच्या बंडखोर विधवा सुनेला सारखाच न्याय दिला, त्याच्याकडून वाचकाची अपेक्षा तेवढीच उंच असणार.

‘वंशवृक्ष’वरून गिरीश कार्नाड आठवतातच. १९७१ चा तो कन्नड चित्रपट त्यांनी आणि ब. व. कारंतांनी मिळून दिग्दर्शित केला होता. पुढे २००६ साली टिपू सुलतानावरून भैरप्पा आणि कार्नाड यांच्यात वर्तमानपत्रांतून जाहीर खडाजंगी झाली. कार्नाडांचं आत्मचरित्र ‘आडाडता आयुष्य’ मराठीत ‘खेळता खेळता आयुष्य’ या नावाने आलं आहे. सध्या वाचलेल्यांतलं एकच पुस्तक सुचवा, असं कुणी म्हटलं तर मी हेच सुचवीन.

आत्मचरित्रात लेखक स्वतःच्या जन्माबद्दल काय सांगतो, ते बघावं. माथेरानला १९३८ साली जन्मलेले कार्नाड सांगतात की आईवडिलांना आणखी मूल नको होतं, म्हणून आई पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई त्या दिवशी दवाखान्यात आल्याच नाहीत, आणि आई परत फिरली. न आलेल्या त्या डॉक्टर मधुमालती गुणे यांना पुस्तक अर्पण केलेलं आहे! आई बालविधवा, पदरी एक मुलगा, डॉक्टर रघुनाथ कार्नाडांबरोबर काही वर्षं राहिल्यावर झालेलं लग्न, हे सगळं मुलगा कसलाही आव न आणता लिहितो. आपल्याकडच्या आत्मचरित्रांत आई बहुधा देवघरातल्या समईसारखी असते. इथे ती एक बाई आहे. भीती वाटणारी, निर्णय घेणारी.

पण मला सगळ्यांत रमवलं ते धारवाडने. सुभाष रस्त्यावरची मनोहर ग्रंथमाला, तिचा तो माळा, तिथे बसणारे जी. बी. जोशी आणि कीर्तिनाथ कुर्तकोटी, आणि ऑक्सफर्डला निघालेल्या एका पोराच्या ‘ययाति’चं हस्तलिखित. घरी कोंकणी बोलणारा हा माणूस कन्नडमध्ये लिहितो. त्याच गावात घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी होतात. आणि त्याच गावातल्या एका कॉलेजात एकसंब्यात जन्मलेले, बेळगावात शिकलेले जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवतात आणि मराठीत कथा लिहितात. भाषेच्या नावाने आपण इतकी वर्षं जे भांडतो, ते या तिघांच्या घरात कुणी कसं समजावून सांगितलं असतं कोण जाणे.

जी. एं.च्या कथांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी त्यांचे अनुवाद वाचले. कॉनराड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या तीन कादंबऱ्या त्यांनी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. घनदाट अरण्यात आलेलं एक कुटुंब, झाडं तोडून केलेलं शेत आणि शेतं गिळत वाढलेलं गाव असा तो प्रवास. ‘शिवार’ हा शब्द बघा. दुसरा एखादा अनुवादक ‘शेतं’ म्हणून मोकळा झाला असता. आज आमच्या शहराभोवतीची भातशेतं प्लॉट पाडून विकली जाताना या तीन नावांचा क्रम रोज डोळ्यांसमोर घडतो. तिसरा भाग पहिल्याइतका पकडत नाही, तरी तिन्ही सलग वाचावेत.

मूळ मराठीतलं एक नवं पुस्तकही याच काळात वाचलं. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठवलेलं गाव, मागे रानात राहिलेली म्हैस आणि तिला शोधायला निघालेला देवाप्पा. कथानक म्हणावं तर एवढंच. पुण्यातल्या वाचकाला हिची पन्हाळ्याकडची बोली जड जात असेल. आमच्या विद्यार्थ्यांना नाही जात. हिडकल धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्यांची नातवंडं आमच्या जिल्ह्यात आहेत, त्यांनी तर ही वाचावीच.

आता उमा कुलकर्णींबद्दल. वर उल्लेखलेल्या भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत त्यांनी आणल्या, कार्नाडांचं आत्मचरित्रही त्यांनीच. ‘वंशवृक्ष’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्या मूळच्या बेळगावच्या. ‘संवादु अनुवादु’ या आत्मकथनात त्यांनी कामाची जी रीत सांगितली आहे, ती अनुवादाच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. त्यांना कन्नड लिपी वाचता येत नव्हती. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेप करून ठेवत आणि कामावर जात. मागे या ऐकत, थांबवत, पुन्हा ऐकत मराठी लिहीत. विरूपाक्षांनी उलट दिशेनं, मराठीतून कन्नडमध्ये पुस्तकं नेली. एका संसारातून दोन भाषांची एवढी ने-आण झाली! समारंभांची आणि भेटीगाठींची वर्णनं थोडी कमी असती तर पुस्तक अधिक घट्ट झालं असतं, पण टेपरेकॉर्डरचा भाग वाचताना मी दोनदा थांबलो.

थांबलो याचं कारण माझे विद्यार्थी. बाजारात ते अस्खलित कन्नड बोलतात, बसची पाटी वाचतात, पण कन्नड पुस्तक हातात घेत नाहीत. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठीही अडखळत वाचतात. कानाने भाषा येणं ही उमाताईंना पुरेशी शिदोरी झाली. आमच्या गावांतल्या शेकडो मुलांकडे ती शिदोरी आजही आहे आणि तिचं काही होत नाही.

बानू मुश्ताक यांच्या कथांना २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं. हासनच्या या वकील लेखिकेचा ‘हार्ट लॅम्प’ हा संग्रह मी इंग्रजीतून वाचला. दिवसभर ज्या भाषेत भाजी घेतो, तिच्यातल्या कथा लंडनमार्गे माझ्यापर्यंत आल्या! दीपा भास्ती यांनी मूळ कन्नड-उर्दू शब्द तिरप्या टायपात न टाकता, तळटीपा न देता तसेच ठेवले आहेत. परदेशी वाचक तिथे अडखळत असेल, सीमाभागातला नाही अडखळत. शीर्षककथेत माहेरानेही परत पाठवलेली मेहरून रात्री रॉकेल ओतून घेते आणि तिची मुलगी तिला थांबवते. ती कथा एका बैठकीत वाचू नये. पारितोषिकाची रक्कम लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते, हेही नोंदवण्यासारखं. आपल्याकडे कितीतरी पुस्तकांवर अनुवादकाचं नाव शोधायला अजून आतलं पान उलटावं लागतं.

वाचनालयाची ‘मंद्र’ची प्रत सध्या माझ्याकडेच आहे. येत्या शनिवारी परत करतो आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी ग्रंथपालांकडे नाव सांगून ठेवावं, आमच्या स्टाफरूममधले दोघं आधीच रांगेत आहेत.