हेल्मेट, हातमोजे आणि काही पक्के गैरसमज

साताऱ्याहून पुण्याला निघालेला मोटारसायकलस्वार खंबाटकी घाट ओलांडायचा म्हणून हेल्मेट घालतो. तोच माणूस राजवाड्यावरून पोवई नाक्याला जाताना ते आरशाला अडकवतो. सांगलीत विश्रामबागेतून मिरजेला जाणाऱ्यांचंही तेच. ‘इथल्या इथंच तर जायचंय.’ हेल्मेट हायवेचं, गावात त्याची गरज नाही, हा या दोन जिल्ह्यांतला सर्वांत पक्का गैरसमज आहे आणि सर्वांत घातकही.

अमेरिकेतले संशोधक हॅरी हर्ट यांचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पथकानं लॉस एंजलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यातल्या निम्म्या अपघातांत आदळतानाचा वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षाही कमी होता. बहुतेक जण खरेदीला, कामाला किंवा मित्राकडे निघालेले होते आणि निघाल्यावर थोड्याच वेळात पडले होते. कमी वेगातही डोक्याला धोका का, याचं साधं गणितही आहे. गाडी थांबलेली असतानाच तोल गेला आणि डोकं दीड मीटर उंचीवरून खाली आलं, तरी ते जमिनीवर ताशी जवळपास २० किलोमीटर वेगानं आदळतं.

‘हेल्मेटच्या वजनानं मान मोडते, हॉर्न ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही’ ही तक्रार पारावर आणि टपरीवर हमखास ऐकू येते. हर्ट यांच्या पथकानं हे मुद्देही तपासले. हेल्मेट घातलेल्यांना डोक्याच्या इजा तर कमी झाल्याच, मानेच्याही कमी झाल्या. रहदारीचे आवाज ऐकण्यात किंवा बाजूचं दिसण्यात हेल्मेटमुळे अडचण आल्याचं त्यांना आढळलं नाही. पुढे २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात ६१ अभ्यास एकत्र तपासले गेले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

बाहेरचं कवच कडक म्हणजे हेल्मेट चांगलं, असं समजून ग्राहक दुकानात ते बोटांनी वाजवून बघतात. खरं काम मात्र आतल्या थर्माकोलसारख्या थराचं असतं. आघात होताना हा थर चिरडला जातो, डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. पण एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून मोठा आघात झालेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसो, ते बदलावंच लागतं. प्लास्टिकचं कवच पेट्रोलनं पुसण्याची सवयही सोडायला हवी, कारण पेट्रोलनं ते कमकुवत होतं.

बांधकामावरची पिवळी टोपी चालवून घेणारेही दिसतात. तिचं मानक वेगळं आहे आणि ते वरून पडणाऱ्या वस्तूंपासून बचावाचं आहे. दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय मानक आयएस ४१५१. १ जून २०२१ पासून आयएसआय प्रमाणित नसलेली दुचाकी हेल्मेटं बनवायला आणि विकायला बंदी आहे. तरीही नुसता शिक्का पाहून भागत नाही, तो खोटाही असू शकतो. शिक्क्यासोबत ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो. अर्धं हेल्मेट हलकं वाटतं, पण हनुवटी उघडी राहते. जर्मन संशोधक डिटमार ओटे यांच्या पाहणीत हेल्मेटवरच्या आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश हनुवटीच्याच भागात होते.

मागे बसणाऱ्याचं काय? कायद्यात चालवणारा आणि मागचा असा फरक नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, अपवाद पगडीधारी शिखांचा. त्याहून लहान मुलांसाठीही फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा सक्तीचा असून वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातांत मृत्युमुखी पडले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. नवरा हेल्मेट घालून पुढे, मागे बायको उघड्या डोक्यानं एका बाजूला पाय सोडून बसलेली, मधे मूल, हे लग्नसराईतलं नेहमीचं दृश्य या आकड्यासमोर फार अस्वस्थ करतं.

जीन्सनं काम भागतं हाही एक समज. साधी सुती जीन्स डांबरावर घासली की क्षणात फाटते. रायडिंग जॅकेटवर ‘ईएन १७०९२’ हे युरोपीय मानक पाहावं, त्यात ‘एएए’ हा सर्वांत वरचा वर्ग. कोपर-खांद्याच्या पॅडवर ‘ईएन १६२१’ असतं आणि त्यातली दुसरी पातळी पहिलीपेक्षा जास्त आघात शोषते. सांगलीच्या उन्हाळ्यात हे कोण घालणार, या प्रश्नाचं उत्तर जाळीदार जॅकेट. तेही परवडत नसेल तर निदान हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घ्यावेत, कारण पडणारा माणूस आधी हातच टेकतो.

उसाच्या हंगामात पेठ-सांगली किंवा कराड-विटा रस्त्यावर अंधारात पुढे ट्रॉली असते आणि तिच्या मागे अनेकदा दिवा नसतो. अशा वेळी हेल्मेटची काळी काच जिवावर बेतू शकते, रात्री पारदर्शकच हवी. जॅकेटवरच्या परावर्तक पट्ट्या मागून येणाऱ्याला दिसतात, पुढची ट्रॉली मात्र स्वतःच्याच डोळ्यांनी वेळेत दिसावी लागते.

हेल्मेट घेताना ते डोक्यावर चढवून गालांना घट्ट बसतंय का बघा. पट्टा लावा आणि हेल्मेट मागच्या कडेला धरून पुढे ओढा. निघून आलं तर ते दुकानातच ठेवा. आणि खरेदीला मागे बसणाऱ्यालाही सोबत न्या, त्याच्या डोक्याचं माप वेगळं असतं.