बर्फाची नदी

आपल्याकडच्या नद्या पावसावर चालतात. मृगाचा पाऊस झाला की नदीला पाणी येते. चैत्र-वैशाखात ती आटते. पण ऑस्ट्रेलिया देशात एक नदी आहे, ती बर्फावर चालते. तिचे नाव स्नोई. स्नोई म्हणजे बर्फाळ. आज आम्ही तुम्हांला तिची हकीगत सांगणार आहोत.

ऑस्ट्रेलिया देश बहुतेक सपाट आणि कोरडा. पण त्याच्या आग्नेय बाजूला उंच डोंगर आहेत. त्यांत कोसियुस्को हे सर्वांत उंच शिखर. त्याची उंची २२२८ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर. यावरून अंदाज करा. याच डोंगरावर स्नोई उगम पावते.

तिकडचे ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे जूनमध्ये पेरणीची घाई, तेव्हा तिकडे हिवाळा. डोंगरमाथा पांढराशुभ्र होतो. सप्टेंबरपासून ऊन वाढते, बर्फ वितळतो. ते पाणी ओढ्या-ओढ्यांनी धावते आणि नदीला पूर येतो.

माथ्यावर झाडे नाहीत, नुसते गवत. त्याखाली निलगिरीच्या जातीचे एक झाड वाढते. वाऱ्याने आणि बर्फाने ते वेडेवाकडे होते, पण तग धरते. उन्हाळ्यात बोगोंग नावाचे पतंग मैदानातून इथे थंडाव्याला येतात आणि खडकांच्या कपारींत बसून राहतात. तिथले मूळ रहिवासी पूर्वी डोंगरावर जमून हे पतंग भाजून खात. त्यांत चरबी भरपूर असते.

नदीची लांबी सुमारे ३५० किलोमीटर. जिंडाबाइन, डाल्गेटी ही गावे मागे टाकून ती खोल दऱ्यांत शिरते. बाहेर पडल्यावर ऑरबॉस्टची गाळाची सुपीक जमीन लागते. पुढे मार्लो गावाजवळ ती समुद्राला मिळते.

आता असं बघा. डोंगरापलीकडे जमीन आहे, पण पाणी थोडे. इकडे गोडे पाणी समुद्रात जाते. म्हणून सरकारने १९४९ मध्ये मोठे काम काढले. धरणे बांधली. डोंगर पोखरून बोगदे केले. नदीचे पाणी पलीकडच्या नद्यांत वळवले आणि वाटेत त्यावर वीज केली. तीसहून अधिक देशांतले एक लाखावर लोक या कामावर राबले. १२१ जण कामावर मेले. १९७४ मध्ये काम पुरे झाले. जुने जिंडाबाइन गाव पाण्याखाली गेले. नवे गाव वर वसवले.

शेती पिकली, दिवे लागले. पण नदीचे काय झाले? जिंडाबाइनच्या धरणाखाली रुपयातला एक पैसा एवढेच पाणी उरले. पूर थांबले. पात्र आक्रसले. त्यात वाळू साचली, झुडपे माजली. मुखाकडून समुद्राचे खारे पाणी आत चढू लागले.

खालच्या गावांचे लोक गप्प बसले नाहीत. ते एकत्र आले आणि वर्षानुवर्षे मागणी करत राहिले. अखेर २००० मध्ये सरकारांनी मान्य केले, की नदीला थोडे थोडे करून शेकडा २८ हिश्शापर्यंत पाणी परत द्यायचे. ऑगस्ट २००२ मध्ये पहिले पाणी सुटले. आता बर्फ वितळण्याच्या दिवसांत मुद्दाम जोराचे पाणी सोडतात. त्याने पात्र धुऊन निघते.

नदी पूर्वीसारखी झालेली नाही. पण ती वाहते आहे. मंडळी, पाणी अडवावे, वापरावे, त्यात वावगे काही नाही. मात्र वरच्याने घेताना खालच्याचा वाटा ठेवावा, आणि नदीचाही ठेवावा.