मॉलमधला सिनेमा: पदर आवरा, पाणी मागा



आपल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला आहे. आपण लेकीकडे, भावाकडे जातो. ती म्हणते, "चल आई, मॉलमध्ये सिनेमा बघू." आपण म्हणतो, "नको गं, तुम्ही जा, मी घरी भात लावते." हे 'नको गं' कशापोटी येतं, ते आम्ही गटात विचारलं. पैसा हे एक कारण. पण बऱ्याच जणींना भीती वाटते ती सरकत्या जिन्याची आणि कुणी हसेल याची. म्हणून आज सगळं उलगडून सांगतो.

आम्ही बोलतोय ते मुंबई उपनगरातल्या गोरेगावबद्दल, माणगावजवळच्या नव्हे. इथे पूर्वेला दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे, १९७७ साली सरकारने उभारलेली. तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, महामार्गाला लागून ओबेरॉय मॉल आहे. मेट्रोचं दिंडोशी स्थानक जवळच. मॉलमध्ये शिरायला तिकीट लागत नाही. दारात पिशवी तपासतात, बायकांची तपासणी बाईच करते. तो संशय नव्हे, सगळ्यांचीच होते. काही विकत न घेता तासभर हिंडलात तरी चालतं.

आता सरकता जिना. इथे मात्र जपायचं. निऱ्या चार बोटं वर धरा, पदर खोचा, ओढणी गळ्याशी बांधा. पायरीच्या मधोमध उभं राहायचं, कडेला नाही, कारण कडेच्या फटीत कापड ओढलं जातं. एका हाताने पट्टा धरायचा, दुसऱ्या हाताने पोराचा हात. वर पोचल्यावर पाय उचलून पुढे टाकायचा आणि लगेच बाजूला व्हायचं, मागून माणसं येत असतात. धीर होत नसेल तर लिफ्ट असते. लिफ्ट कुठे हे विचारण्यात कसली आलीय लाज?

तिकिटाचा दर वारावर आणि वेळेवर ठरतो. शनिवार-रविवार महाग, आडवारी, सकाळचा खेळ बहुतेकदा स्वस्त. मोबाइलवर काढलं तर वर वेगळं शुल्क पडतं, खिडकीवर ते वाचतं. तिकिटावर अक्षर आणि आकडा असतो. अक्षर म्हणजे रांग, आकडा म्हणजे खुर्ची. काढण्याआधी सिनेमाला प्रमाणपत्र कोणतं आहे ते बघा. 'ए' असेल तर अठरा वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत, कडेवरच्या बाळालाही नाही.

खाण्याचं तेवढं नीट ऐका. घरची चटणी-भाकरी आत नेता येत नाही. यावर भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की बाहेरचं खाणं अडवण्याचा हक्क थिएटरच्या मालकाला आहे. पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायलाच हवं, आणि तान्ह्या बाळापुरतं खाणं आई-बापाला नेता आलं पाहिजे. तेव्हा बाटलीचं पाणी घ्यावंच लागतं असं नाही. "पिण्याचं पाणी कुठे आहे?" असं मोठ्याने विचारा. आतल्या लाह्यांचा दर ऐकून आमच्यातल्या एकीने मक्याच्या पोत्याचा हिशेब मांडला होता! घरून जेवून निघावं हे उत्तम.

आत अंधार असतो, आवाज छातीत घुमतो आणि गारवाही बऱ्यापैकी असतो. शाल घ्या. लहान मूल आवाजाला घाबरलं तर उठून बाहेर या, पुन्हा आत जाता येतं, तिकीट मात्र जपून ठेवा. राष्ट्रगीत लागलं की उभं राहतात. जाहिरातींतच दहा-पंधरा मिनिटं जातात, थोडा उशीर झाला म्हणून धावू नका.

आणि हसणाऱ्यांचं काय? फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा कामाला बाई मिळेना, तारामती एका पुरुषाने केली. आणि ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' आला, सहा बहिणींची आणि मंगळागौरीच्या स्पर्धेची गोष्ट. तेव्हा नऊवारी नेसून, नथ घालून बायकांचे घोळके याच असल्या चकचकीत थिएटरांत गेले आणि तिथे फुगड्याही झाल्या. त्यांच्याकडे बघून कुणी हसलं असेल-नसेल, त्यांनी लक्षच दिलं नाही. बचत गटाने जायचं असेल तर आधी थिएटरला फोन करून वीस-पंचवीस जागा एकत्र मिळतील का, दर किती लावाल, असं विचारता येतं. घासाघीस आपल्याला नवीन नाही.

एक राहिलं. सिनेमा सुटल्यावर पुष्कळदा दुसऱ्याच दाराने बाहेर काढतात आणि सगळ्या जणी पांगतात. आत जाण्याआधीच खाली एखादं दुकान खुणेला ठरवा, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्या हातावर पेनाने एक नंबर लिहून ठेवा.