कोलोबेंगचे घर

आफ्रिका खंडाच्या अंतर्भागाची माहिती ज्या प्रवाशांमुळे बाहेरच्या जगाला झाली, त्यांत डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे नाव फार मोठे आहे. परंतु प्रवासी म्हणून प्रसिद्धी पावण्यापूर्वी ते एक साधे मिशनरी वैद्य होते. मिशनरी म्हणजे आपल्या धर्माच्या प्रसारासाठी दूरदेशी जाऊन राहणारा सेवक. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कोलोबेंग नावाच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचे घर होते. त्या घरात त्यांची पत्नी मेरी व मुले राहत असत. या घरातील रोजचे जीवन कसे होते, आणि त्याचा भार कोणी वाहिला, हे जाणून घेण्यासारखे आहे.

डेव्हिड यांचा जन्म १८१३ साली स्कॉटलंडमध्ये झाला. घरच्या गरिबीमुळे वयाच्या दहाव्या वर्षीच त्यांना कापडाच्या गिरणीत कामाला जावे लागले. तशाही स्थितीत त्यांनी वैद्यकाचे शिक्षण पुरे केले आणि १८४१ साली ते आफ्रिकेत आले. त्यांच्या दृष्टीने हा देश सर्वस्वी नवा होता. मेरीबाईंची गोष्ट मात्र निराळी. त्यांचे वडील रॉबर्ट मॉफट हे कुरुमान येथील जुने मिशनरी. मेरीबाई १८२१ साली आफ्रिकेतच जन्मल्या व तेथेच वाढल्या. तेथील सेत्स्वाना भाषा त्या सहज बोलत. १८४५ च्या जानेवारीत दोघांचा विवाह झाला. त्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत मबोत्सा, चोनुआने व कोलोबेंग अशा तीन ठिकाणी त्यांनी संसार मांडला. पहिल्या ठिकाणी असतानाच सिंहाने केलेल्या हल्ल्यात डेव्हिड यांचा डावा हात जायबंदी झाला होता. तरीही प्रत्येक ठिकाणचे घर त्यांनी स्वतः खपून बांधले. विटा साच्यात पाडाव्या लागत. दारे-खिडक्यांसाठी लागणारे लाकूड तर रानातल्या उभ्या झाडांतूनच मिळवावे लागे.

कोलोबेंग हे ठिकाण आज बोत्स्वाना देशात आहे. तेथे बक्वेना जमातीचे लोक राहत. सेचेले हा त्यांचा राजा. हा मोठा बुद्धिमान पुरुष होता. वाचायला शिकण्याची त्याला इतकी उत्कंठा, की सारी मुळाक्षरे त्याने पहिल्याच दिवशी आत्मसात केली! त्याच्याच आश्रयाने लिव्हिंग्स्टन कुटुंब तेथे राहिले.

घरातील दिवस भल्या पहाटे सुरू होई. दिवसा ऊन कितीही कडक असले, तरी कोलोबेंगची सकाळ व संध्याकाळ अतिशय सुखकर असे. सकाळी सहा-सातच्या सुमारास प्रार्थना व न्याहारी उरकली, की शाळा भरे. या शाळेला वयाचे बंधन नव्हते. पुरुष, स्त्रिया, मुले, ज्याला इच्छा होईल त्याने यावे. अकरा वाजता शाळा सुटे. मग डेव्हिड लोहारकाम, सुतारकाम वा बागकाम करीत. त्यांनी गावकऱ्यांचे एखादे काम करून द्यावे व गावकऱ्यांनी त्यांच्या बागेत राबावे, असा हा कामाचा मोबदला कामानेच दिला जाई. जेवणानंतर तासभर विसावा घेऊन मेरीबाई लहान मुलांची शाळा घेत. या शाळेचे मुलांना भारी वेड. पुष्कळदा शंभर-शंभर मुले गोळा होत. कधी या शाळेऐवजी मुलींचा शिवणवर्ग चाले. सूर्यास्तानंतर डेव्हिड गावात जाऊन लोकांशी बोलत बसत.

परंतु शाळेपेक्षाही अवघड काम होते ते स्वयंपाकघरातले. जवळपास दुकान नव्हते; लागेल ती वस्तू घरीच करावी लागे. पाव भाजायला भट्टी हवी, तर एखादे मोठे वारूळ आतून पोकळ करून त्याच्या तोंडाशी दगडी चीप लावीत. तेही नसले, तर जमिनीवर जाळ करून ती जागा चांगली तापवीत. मग तेथे पिठाचा गोळा ठेवून त्यावर भांडे पालथे घालीत आणि वर व भोवती निखारे रचीत. आदल्या खेपेचे थोडे आंबलेले पीठ नव्या पिठात मिसळून ते तास-दोन तास उन्हात ठेवले, की पाव हलका होई. लोणी काढण्यास रवी-डेरा नव्हता. बरणीवरच भागवावे लागे. मेणबत्त्या साच्यात ओतीत. साबणाचा खटाटोप तर विचारूच नये! लाकडाची राख पाण्यात कालवून तिचा क्षार उतरवायचा व त्यात चरबी घालून ती शिजवायची. तेथील राखेत क्षार इतका थोडा असे, की हे शिजवणे महिना-दीड महिना चाले, तेव्हा कोठे साबण तयार होई.

त्यातच अवर्षण आले. पहिल्या वर्षी नदीचा पाट काढून बाग शिंपता आली. पण पुढे पाऊस जवळजवळ नाहीसाच झाला. कोलोबेंग नदी आटली, मासे तडफडून मेले. गावातील स्त्रियांनी आपले दागिने विकून दुसऱ्या गावांहून धान्य आणले. लिव्हिंग्स्टन कुटुंबाचे धान्य दूरच्या कुरुमानहून बैलांच्या गाड्यातून येई. एकदा घरात नुसता कोंडा शिल्लक राहिला. तो तीन-तीनदा दळून त्याचे पीठ करावे लागले. टोळधाड आली म्हणजे टोळ भाजून, कुटून, मीठ लावून खात. पाऊस पडल्यावर जमिनीतून बाहेर येणारा एक भला मोठा बेडूक मुले आवडीने खात. शिजवल्यावर तो कोंबडीच्या पिलासारखा दिसे. जे शेजारी खात तेच आपणही खावे, हाच त्या घराचा नियम झाला होता.

या अवर्षणामुळे एक कठीण प्रसंग उभा राहिला. राजा सेचेले हा पूर्वी स्वतःच पाऊस पाडण्याचे विधी करीत असे. लिव्हिंग्स्टन यांच्या उपदेशामुळे त्याने ते सोडले. तेव्हा पाऊस न येण्याला हा परका वैद्यच कारण, असे लोकांना वाटू लागले. सेचेलेला निदान चार सरी तरी पाडू द्याव्या, अशी विनवणी करण्यासाठी म्हातारे मानकरी सायंकाळी लिव्हिंग्स्टन यांच्याकडे येत. घरोघरी पोरेबाळे उपाशी होती. अशा वेळी त्या लोकांचा राग अनावर झाला असता, तरी नवल नव्हते. पण त्यांनी त्या कुटुंबाला कधी वाकडा शब्द बोलून दाखवला नाही. कोणतेही जनावर मारले, की त्यातील राजाचा वाटा सेचेलेकडे जाई आणि त्यातला मोठा भाग सेचेले आठवणीने लिव्हिंग्स्टन यांच्या घरी पाठवी. हे शेजारधर्माचे केवढे उदाहरण!

आपल्याकडे खेड्यापाड्यांत एखाद्या स्त्रीला नावाने हाक न मारता 'अमक्याची आई' म्हणतात. बक्वेना लोकांतही तशीच रीत होती. थोरल्या मुलाचे नाव रॉबर्ट, म्हणून मेरीबाईंना सर्वजण 'मा-रॉबर्ट', म्हणजे रॉबर्टची आई, म्हणत. या एका हाकेत त्या गावाने त्यांना आपलेसे केले होते.

१८४९ साली डेव्हिड यांनी मित्रांसह दोन महिने प्रवास करून, कलहारी वाळवंटापलीकडचे न्गामी सरोवर गाठले. पुढच्या वर्षी सारे कुटुंबच त्या सरोवराकडे निघाले. चार वर्षांचा रॉबर्ट, त्याहून धाकटी अॅग्नेस व वर्षभराचा टॉमस अशी तिघे मुले गाड्यात होती. राजा सेचेलेही सोबत होता. नदीकाठची झाडे तोडून गाड्याला वाट करावी लागे. मार्गात काही इंग्रज प्रवासी तापाने आजारी असल्याचे कळले, तेव्हा सुमारे साठ मैल घाईने जाऊन ही मंडळी त्यांच्या मदतीस धावली. त्यांतील एक तरुण चित्रकार आधीच मरण पावला होता. परंतु औषधांनी व मेरीबाईंच्या शुश्रूषेने इतर बरे झाले. शेवटी सरोवर आले. पाण्यासाठी तहानलेल्या गावची ती मुले! एवढे पाणी पाहताच बदकाच्या पिलांप्रमाणे ती त्यात खेळू लागली.

पण तो आनंद फार टिकला नाही. दोन मुलांना ताप भरला व सर्वांना मागे फिरावे लागले. त्या भागात डास अतोनात होते. डासांमुळे हिवताप होतो हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. तो शोध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली भारतात सिकंदराबाद येथे लावला. घरी परतल्यावर मेरीबाईंना मुलगी झाली. तिचे नाव एलिझाबेथ. पण गावात चाललेल्या साथीत ते तान्हे मूल काही आठवड्यांतच दगावले. मेरीबाईही खूप आजारी पडल्या.

इतके होऊनही १८५१ साली तिसरा प्रवास ठरला. उत्तरेकडे माकोलोलो लोकांचा राजा सेबित्वाने याला भेटायचे होते. लहान मुले व गरोदर मुलगी यांना असे रानावनांतून नेण्याबद्दल मेरीबाईंच्या आईने जावयाला पत्राने कडक बोल लावले. तरी कुटुंब निघाले. विल्यम ऑस्वेल हे स्नेही एक दिवस पुढे जाऊन झरे उकरून ठेवीत, म्हणून बैलांना पाणी मिळे. पण पुढे वाटाड्या चुकला. गाड्यातील पाणी एका नोकराच्या निष्काळजीपणाने वाया गेले. उरलेले घोटभर पाणी मुलांसाठी राखून ठेवले. चार दिवस असे गेले. मुले आपल्या डोळ्यांदेखत मरणार की काय, या विचाराने डेव्हिड व्याकुळ झाले. मेरीबाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, पण पतीला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. पाचव्या दिवशी दुपारी शोधास गेलेली माणसे पाणी घेऊन परतली.

सेबित्वानेने या पाहुण्यांचा मोठा आदर केला. बैल दिला, मधाचे मडके दिले, पांघरायला कापडासारखी मऊ कातडी दिली. आपल्यावर विश्वास ठेवून त्यांनी मुलाबाळांना बरोबर आणले, याचे त्याला विशेष कौतुक वाटले. परंतु थोड्याच दिवसांत तो आजारी पडला. त्याच्या अखेरच्या दिवशी डेव्हिड छोट्या रॉबर्टला घेऊन त्याच्याकडे गेले होते. या मुलाला आपल्या राणीकडे नेऊन दूध द्यायला सांगा, हे त्या राजाचे शेवटचे शब्द ठरले.

परतीच्या वाटेवर झूगा नदीच्या काठी मेरीबाईंना मुलगा झाला. मित्राची आठवण म्हणून त्याचे नाव ऑस्वेल ठेवले. मात्र मुलांना घेऊन यापुढे असे प्रवास करणे शक्य नाही, हे डेव्हिड यांना पटले. एप्रिल १८५२ मध्ये केप टाउन येथे त्यांनी मेरीबाईंना व चारही मुलांना इंग्लंडच्या जहाजात बसवून दिले. दिवसभराच्या श्रमांनी थकून गेल्याने मुले जवळ होती तेव्हा आपण त्यांच्याशी कधी खेळलो नाही, आणि आता खेळायला कोणी उरले नाही, ही खंत पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोअर लोकांनी सेचेलेवर हल्ला केला व कोलोबेंगचे घरही लुटले. पुस्तके फाडली, औषधांच्या बाटल्या फोडल्या. गाड्याचे चाक मोडल्यामुळे डेव्हिड कुरुमानला अडकले होते, म्हणूनच ते वाचले.

डेव्हिड आफ्रिका ओलांडीत होते, त्या चार-साडेचार वर्षांत मेरीबाई ब्रिटनमध्ये पैशांच्या ओढाताणीत, एका जागी स्थिर घर नसताना मुलांना वाढवीत होत्या. डेव्हिड यांना नवा देश आफ्रिका होता. मेरीबाईंना परका देश जणू इंग्लंडच होता. १८५६ च्या अखेरीस डेव्हिड परतले, ते कीर्ती घेऊन. पुढे मेरीबाई पुन्हा आफ्रिकेत गेल्या आणि २७ एप्रिल १८६२ रोजी झांबेझीकाठी शुपंगा येथे तापाने वारल्या. एका गोरखचिंचेच्या झाडाखाली त्यांना पुरले. झांबेझी नदीतील प्रवासासाठी लिव्हिंग्स्टन यांनी १८५८ साली जी आगबोट नेली होती, तिचे नाव 'मा-रॉबर्ट' असे होते.

कोलोबेंग येथे आज त्या घराचे थोडे अवशेष व चिमुकल्या एलिझाबेथची कबर जतन करून ठेवली आहे. मोठ्या माणसांच्या पराक्रमाची वर्णने आपण वाचतो, तेव्हा त्यांच्यामागे उभे असलेले घर सहसा नजरेस पडत नाही. वारुळात भाजलेला पाव, महिनाभर शिजणारा साबण, शंभर मुलांची शाळा आणि तहानेच्या चार दिवसांतील ते मौन, हाही त्या पराक्रमाचाच भाग होता. तसेच, स्वतः उपाशी असताना परक्याच्या घरी वाटा पाठवणारा सेचेले आणि मरतेवेळी एका मुलाला दूध द्यायला सांगणारा सेबित्वाने यांचे ऋणही त्या कुटुंबावर होते. परक्या देशात घर उभे राहते ते केवळ विटांनी नव्हे. घरच्यांचे कष्ट व शेजाऱ्यांचा जिव्हाळा यांवरच ते उभे राहते.