गिट गप्प बसतं तेव्हा

आता परळला लागून असलेल्या स्टेशनचंच उदाहरण घेऊ. जुलै 2018 मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. (तोंडात अजून जुनंच येतं, ते सोडा.) समजा, आपलं लोकलच्या वेळापत्रकाचं मुक्तस्रोत ॲप आहे. एकाने स्टेशनांच्या यादीत ‘प्रभादेवी’ लिहिलं. दुसऱ्याने त्याच ओळीत ‘एल्फिन्स्टन’चं स्पेलिंग सुधारलं. बदल एकत्र करताना गिट थांबतं, दोन्ही ओळी समोर ठेवतं. हे भांडण सोपं; दोघांशी बोलून मिटतं. खरी भीती वेगळी. तिसऱ्याने भाड्याच्या फाइलमध्ये जुनं नाव वापरलं, तर गिट चकार शब्द काढत नाही, कारण फाइलच निराळी. भाडं मात्र सापडत नाही! म्हणून बदल एकत्र झाल्यावर आपण चाचण्या पुन्हा चालवतो, आणि कोडमध्ये नावाऐवजी न बदलणारा सांकेतिक क्रमांक वापरतो.