त्रेपन्नाव्या क्रमांकाचा बचावपटू

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, ही बर्फावरच्या हॉकीची जगातील सर्वांत मोठी स्पर्धा. तिच्यातील संघ दरवर्षी मोसम संपला की अठरा-एकोणीस वर्षांच्या नव्या खेळाडूंची निवड करतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलच्या लिलावासारखी येथे बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नाव पुकारतात आणि सरलेल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघांची पाळी आधी येते. नाव पुकारले गेले की त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क काही वर्षे त्याच संघाकडे राहतो. १९६३ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका हॉटेलात ही पद्धत सुरू झाली. त्या वर्षी अवघे २१ खेळाडू निवडले गेले. आज ३२ संघ सात फेऱ्यांत २२४ जणांची निवड करतात. त्यांतील बरेच जण लीगचा एकही सामना खेळत नाहीत.

या निवडीत सर्वांत अवघड अंदाज बचावपटूचा. आघाडीच्या खेळाडूचे गोल मोजता येतात. बचावपटूचे चांगले काम म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून न झालेला गोल, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. चाल करून येणाऱ्या खेळाडूकडे तोंड करून बचावपटूला उलटे स्केटिंग करावे लागते, दोघांमधले अंतर योग्य ठेवावे लागते आणि चकती (या खेळातला चेंडू) मिळताच अंगावर धावून येणारा पोचण्याआधी ती सहकाऱ्याकडे द्यावी लागते. ही जाण यायला वर्षे लागतात. त्यात मुलगा युरोपातला, म्हणजे उदाहरणार्थ स्वीडनमधला असेल, तर मैदानाचाही प्रश्न येतो. युरोपातील बर्फाचे मैदान परंपरेने ३० मीटर रुंद, तर एनएचएलचे सुमारे २६ मीटर. अरुंद मैदानावर विचार करायला वेळ कमी मिळतो आणि धक्के अधिक बसतात. मोठ्या मैदानावर सहज खेळणारा मुलगा तिथे टिकेल का, हे स्काउटला, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याला, आधीच ओळखावे लागते.

हे ओळखण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे डेट्रॉइट रेड विंग्ज संघाने १९८९ मध्ये केलेली निक्लास लिडस्ट्रोमची निवड.

स्वीडिश बचावपटू तोपर्यंत एनएचएलला अपरिचित राहिले नव्हते. बोर्ये साल्मिंग १९७३ मध्ये टोरांटोत आला, तो ड्राफ्टमधून नव्हे तर थेट करार करून. स्वीडिश खेळाडू नाजूक असतात, हा समज त्याने अंगावर घाव झेलत मोडून काढला. स्टेफान पर्सनला न्यूयॉर्क आयलंडर्सने १९७४ च्या ड्राफ्टमध्ये अगदी तळाशी, २१४व्या क्रमांकावर घेतले आणि पुढे त्या संघाने १९८० पासून सलग चार वर्षे स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला, तेव्हा पर्सन संघात होता. तरीही युरोपीय मुलांवर वरचे क्रमांक खर्च करायला संघ कचरत असत.

लिडस्ट्रोम अवेस्ता या लहान गावात वाढला आणि व्हेस्टेरोस या क्लबकडून खेळत असे. १९८९ मध्ये तो १९ वर्षांचा होता. अंगाने सडपातळ, खेळाने शांत, आणि आकड्यांत दिसण्यासारखे फारसे काही नाही. डेट्रॉइटचे स्वीडनमधील स्काउट क्रिस्टर रॉकस्ट्रोम यांच्या नजरेत तो भरला, आणि संघाच्या निवडीची जबाबदारी असलेले नील स्मिथ यांना त्यांचे म्हणणे पटले. रॉकस्ट्रोम यांच्या कामाचे मोल इथेच आहे. मुलगा काय करतो हे कोणालाही दिसते. तो काय करायचे टाळतो, कुठे घाई करत नाही, हे पाहायला वेगळी नजर लागते.

१७ जून १९८९ रोजी मिनेसोटातील ब्लूमिंग्टन येथे ड्राफ्ट झाला. तेव्हा २१ संघ होते आणि १२ फेऱ्या. पहिले नाव मात्स सुंदिनचे, क्युबेक नॉर्डिक्सने पुकारलेले. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला तो पहिला युरोपीय खेळाडू. डेट्रॉइटने आधी माइक सिलिंजर (११वा) आणि बॉब बूग्नर (३२वा) यांना घेतले. दोघेही कॅनेडियन, दोघांनीही पुढे एनएचएल गाजवली नसली तरी ते दीर्घकाळ नेटाने खेळले. बूग्नर मात्र डेट्रॉइटकडून कधीच खेळला नाही. तिसऱ्या फेरीत ५३व्या क्रमांकावर लिडस्ट्रोमचे नाव आले. त्याच दिवशी ७४व्या क्रमांकावर सर्गेई फेदोरोव आणि २२१व्या क्रमांकावर बचावपटू व्लादिमिर कॉन्स्तांतिनोव हे सोव्हिएत खेळाडूही डेट्रॉइटच्या वाट्याला आले. एका संघाने एका दिवसात केलेली याहून चांगली निवड शोधणे कठीण आहे. त्याच उन्हाळ्यात स्मिथ न्यूयॉर्क रेंजर्सचे सरव्यवस्थापक झाले.

निवडीनंतर डेट्रॉइटने घाई केली नाही, आणि निवडीइतकेच श्रेय याला द्यायला हवे. लिडस्ट्रोम आणखी दोन मोसम व्हेस्टेरोसकडे राहिला. १९९१ मध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या स्वीडिश संघात तो होता. त्यानंतरच तो अमेरिकेत गेला. पहिल्याच मोसमात त्याने ६० गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवले. अनुभवी ब्रॅड मॅक्रिमन जोडीला असल्याने त्याला धास्तावून खेळावे लागले नाही.

तो २० मोसम डेट्रॉइटकडूनच खेळला: १,५६४ सामने, २६४ गोल, १,१४२ गुण. या सर्व २० मोसमांत संघ बाद फेरीत पोचला. स्टॅन्ले कप चार वेळा, सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक सात वेळा. २००२ मध्ये बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक मिळवणारा तो पहिला युरोपीय ठरला, आणि २००८ मध्ये कप उंचावणारा युरोपात घडलेला पहिला कर्णधार. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात फिनलंडविरुद्ध स्वीडनचा विजयी गोलही त्याचाच. इतके सामने खेळूनही शिक्षेपोटी तो मैदानाबाहेर बसला तो फक्त ५१४ मिनिटे. बचावपटूसाठी हा आकडा विलक्षण आहे: धक्का देण्याची वेळ येण्याआधीच तो योग्य जागी पोचलेला असे.

यानंतर स्वीडिश बचावपटू वरच्या क्रमांकांवर जाऊ लागले. एरिक कार्लसन २००८ मध्ये ओटावाकडे १५वा, व्हिक्टर हेडमन २००९ मध्ये टँपा बेकडे दुसरा. २०१८ मध्ये बफेलो सेबर्सने गोथेनबर्गच्या फ्रोलुंडा क्लबचा रास्मुस डालिन पहिल्या क्रमांकावर घेतला; हा मान मिळालेला तो पहिला स्वीडिश बचावपटू. बफेलो त्या मोसमात शेवटचा होता. पण तळाच्या संघांनी मुद्दाम हरू नये म्हणून १९९५ पासून पहिल्या क्रमांकासाठी सोडत काढतात, आणि तीत बफेलोची शक्यता १८.५ टक्के होती. डालिन तेव्हाच ऑलिम्पिक खेळून आलेला होता. त्याला हेरायला रॉकस्ट्रोम यांच्यासारख्या नजरेची गरज नव्हती. तो पुढे कर्णधारही झाला. तरी २०२४-२५ पर्यंत, म्हणजे त्याच्या पहिल्या सातही मोसमांत, बफेलो बाद फेरीबाहेरच राहिला. पहिला क्रमांक सोडतीत मिळू शकतो. भोवतीचा संघ मात्र उभारावा लागतो.

रॉकस्ट्रोम यांच्यानंतर स्वीडनमध्ये डेट्रॉइटचे काम होकान अँडरसन यांनी पुढे नेले. हेन्रिक झेटरबर्ग आणि पावेल दात्सुक या खालच्या फेऱ्यांतल्या निवडी त्यांच्या पारखीतून झाल्या. २०२१ मध्ये संघाने फ्रोलुंडाचाच बचावपटू सिमोन एडविन्सन सहाव्या क्रमांकावर घेतला. त्यालाही काही काळ स्वीडनमध्ये आणि मग दुय्यम लीगमध्ये खेळू दिले. मार्च २०२३ मध्ये तो एनएचएलचा पहिला सामना खेळला आणि २०२४-२५ मध्ये संघात कायमचा आला. या काळात संघाचे सरव्यवस्थापक होते लिडस्ट्रोमचे एकेकाळचे कर्णधार स्टीव्ह आयझरमन. स्वतः लिडस्ट्रोमही २०२२ पासून संघाच्या व्यवस्थापनात आहे.